दुसऱ्या ठोक्यावर टाळी

"ऐकाले कान नाही लागत भाऊ, बुड लागते. बसा."

मुनेश्वर सिस्टरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच हे ऐकावं लागलं. आर्णीच्या बाहेर शेतकऱ्यांसाठी चालणारं आमचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. आवाज आजूबाजूच्या गावांपर्यंत जेमतेम पोचतो. कापसाचे भाव, तुरीवरची अळी, हवामान, भजनं, शाळेतल्या पोरांची भाषणं असा आमचा मामला, आणि मी तिथला निवेदक. बाळांच्या लसीकरणावर चार शब्द बोला, असं सांगायला मी गेलो होतो. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. तालुक्यातली कितीतरी माणसं त्यांच्याच हातावर जन्मलेली. लसीकरणावर त्यांच्याशिवाय दुसरं कोण बोलणार?

आत टेबलावर त्यांचा फोन एका लहानशा स्पीकरला जोडलेला होता आणि त्यातून पियानो वाजत होता. मी "नमस्कार, मी केंद्रावरून..." असं सुरू केलं तर त्यांनी एक बोट वर केलं. वॉर्डात गलका करणाऱ्या नातेवाइकांना गप्प करणारं बोट होतं ते. मी बसलो. वाजणारं संपलं. मग रेडिओवरची बाई इंग्रजीत काही सांगू लागली, तेव्हा त्यांनी आवाज कमी केला आणि माझ्याकडे वळल्या.

"हं. सांगा आता. कोणाले काय झालं?"

कोणाला काही झालेलं नाही, हे सांगून मी विचारलं, "हे काय होतं?"

"जॅझ," त्या म्हणाल्या. समोर ठेवलेलं पिठलं एखाद्यानं ओळखू नये, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सिस्टर उंच, सावळ्या, पाठीनं ताठ. अंबाडा इतका घट्ट की वाऱ्यानंही त्याच्या वाटेला जाऊ नये. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची नर्सची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. यजमान लवकर गेलेले, मुलगी पुण्याला नोकरीत. दवाखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं आणि त्या घरात जगभरची रेडिओ केंद्रं येऊन जाऊन असत. पूर्वी ट्रान्झिस्टर होता. शॉर्टवेव्हच्या खरखरीतून त्या गाणं असं वेचून काढत जसं बाया सुपातून खडे वेचतात. आता फोनवर सगळं स्वच्छ येतं. त्याचं त्यांना कौतुक होतं, पण थोडी तक्रारही होती. "पह्यले समुद्राचा आवाज यायचा मधात. आता वाटते शेजारच्याच घरातून येऊन राह्यलं."

कुठल्या शहरात आता सकाळ आहे, कुठे मध्यरात्र, हे त्यांना पाठ होतं. परदेशी कधी गेल्या नव्हत्या, पण तिकडच्या निवेदकांबद्दल त्या भाऊकीतल्या माणसांसारखं बोलत. "हा पॅरिसचा बुवा लय बोलते. गाणं कमी, कीर्तन जास्त." किंवा, "हे सकाळची बाई चांगली आहे. नाव सांगते अन् बाजूले होते." वाजवणाऱ्यांना तर त्यांनी नावंच ठेवली होती. एक 'गालफुग्या', एक 'दमाचा म्हातारा', गाणारी एक 'रडवी'. खरी नावं त्यांना येत होती, पण ती त्या आधी कधी सांगत नसत. म्हणत, "नाव सांगतलं का लोक नावच ऐकतेत."

आणि त्या हे कार्यक्रम लोकांना द्यायच्या. दुसरा शब्द नाही त्याला. औषध द्यावं तसं द्यायच्या. तहसील कचेरीतल्या एका बाबूचा रक्तदाब वाढला, तर गोळ्या चालू ठेवायला सांगून वर म्हणाल्या, "संध्याकाळी चहा झाला का अर्धा घंटा हे लावजा. नुसता पियानो आहे. बातम्या पाहू नोका." गल्लीतल्या एका बाईचा नवरा वारला. ती रडेचना. सिस्टर तिच्या घरी जाऊन फोन घेऊन बसल्या, 'रडवी'चं गाणं लावलं आणि शेजारी बसून राहिल्या. बाईला इंग्रजी अक्षर कळत नव्हतं. गाणं संपायच्या आत ती मोकळी झाली. हे मला त्या बाईनंच पुढे सांगितलं. सिस्टर असल्या गोष्टी सांगत नसत. बँकेतल्या एका उतावळ्या तरुणाला मात्र त्यांनी साफ नकार दिला होता. "तुले आत्ता नाही मानवणार. आधी चूप बसाले शिक."

त्या लसीकरणावर उत्तम बोलल्या. रेकॉर्डिंग संपल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, "तुमचं झालं. आता माझं. रविवारी संध्याकाळी तुम्ही काय लावता?"

भजनाच्या जुन्या रेकॉर्डिंग लावत होतो. पुन्हा पुन्हा त्याच.

"मले अर्धा घंटा द्या."

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मी पुढे हळूहळू, चहाच्या कपांगणिक ऐकलं.

सिस्टरांचं माहेर बोरी अरब. वडील बळीराम बँडपार्टीत क्लॅरोनेट वाजवत. क्लॅरोनेट म्हणजे काळी लांब नळी, सनईची विलायती बहीण. गावात लग्न कोणाचंही असो, वाजवायला बळीरामच. वाजवणारे वरातीत सगळ्यांच्या पुढे असत आणि पंगतीत सगळ्यांच्या शेवटी, तेही मांडवाबाहेर. नागपूरच्या दीक्षेनंतर बोरीतल्या त्यांच्या वस्तीनंही धम्म स्वीकारला आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगावर पडलेली गावकीची कामं एका बैठकीत सोडून दिली. वाजवणंही त्यातच आलं. बळीरामनं क्लॅरोनेट बँडच्या मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि तो सडकेच्या कामावर जाऊ लागला. घरात कोणी शीळ घातली तरी तो डोळे वटारायचा.

"दुःखानं नाही हं भाऊ," सिस्टर मला बजावून म्हणाल्या. "कोणाले सांगाल तर नीट सांगजा. माझा बाप ताठ मानेनं फिरे. त्यानं वाजवणं सोडलं म्हणून मी शाळेत गेली."

शाळा झाली आणि सिस्टर नर्सिंगला नागपूरला गेल्या. वसतिगृहाच्या वॉर्डनबाई गोव्याच्या, कडक शिस्तीच्या. त्यांचा भाऊ मुंबईच्या हॉटेलांत वाद्यवृंदात वाजवायचा. रविवारी संध्याकाळी त्या आपल्या खोलीत रेडिओ लावत. सिस्टर खाली नळावर युनिफॉर्म धूत होत्या आणि वरच्या खिडकीतून क्लॅरोनेट ऐकू आलं. बापानं सोडलं तेव्हा त्या फार लहान होत्या; तरी आवाज ओळखला. मात्र हे वरातीतलं वाजवणं नव्हतं. ते वाद्य बोलत होतं, मधेच हसत होतं, कोणाला तरी उलट उत्तर देत होतं.

"साबणाचे हात तसेच घेऊन मी वर गेली अन् दार ठोकलं. इचारलं, बाई, हे कोण वाजवते? मले वाटलं आता शिक्षा भेटते. त्या बाईनं मले खुर्ची देली."

"खुर्ची" या शब्दावर त्यांनी जोर दिला.

त्यानंतर दर रविवारी त्या वॉर्डनबाईंच्या खोलीत असत. हे संगीत कोणाचं, ते कुठून आलं, वाजवणारे कोण, हे त्या बाईंनीच त्यांना सांगितलं. पहिली नोकरी उमरखेडला लागली. पहिल्या पगारात ट्रान्झिस्टर आला आणि पहिल्या सुट्टीत तो बोरीला गेला.

बळीराम अंगणात बाजेवर बसला होता. संध्याकाळची वेळ. सिस्टरांनी स्टेशन शोधलं. बरीच खरखर झाली आणि मग क्लॅरोनेट सुरू झालं.

"बंद कर ते," बाप म्हणाला.

त्यांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात वाजवणाऱ्यानं वरच्या सुरावरून एक लांब घसरण घेतली. बाप म्हणाला, "थांब." आणि ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं,

"कोणाच्या लग्नात वाजवून राह्यला हा?"

"लग्न नाही बाबा. लोक मुद्दाम आले हायेत ऐकाले."

"जेवणावळ कधी?"

"जेवणावळ नाही. नुसते बसून ऐकतेत."

"बसून?" बाप म्हणाला. मग विचारलं, "कोणते लोक हायेत हे वाजवणारे?"

"आपल्यासारखेच. यायचे आजे-पणजे विकत घेतलेले गुलाम होते. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचे."

"कापूस?"

"हो. कापूसच."

बळीरामनं समोर पाहिलं. पावसाळ्यानंतरचे दिवस होते. वस्तीच्या पलीकडे लोकांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती. मग म्हणाला, "यायनं वाजवणं सोडलं नाही तं."

"नाही. यायनं आपल्यासाठी वाजवणं सुरू केलं."

"हं. आपण सोडलं तेही बराबर. यायनं धरलं तेही बराबर."

सिस्टरांनी तेव्हा पाहिलं, की बापाची बोटं मांडीवर हलत आहेत. भोकं दाबायची आणि सोडायची, इतक्या वर्षांनंतरही बोटं चुकत नव्हती. बापाच्या ते लक्षात आलं आणि त्यानं हात धोतराच्या सोग्याखाली घेतला.

"मी दुसरीकडं पाह्यलं," सिस्टर म्हणाल्या. "तुमचा चहा थंडा होऊन राह्यला."

ट्रान्झिस्टर बोरीलाच राहिला. बळीरामनं पुन्हा क्लॅरोनेट हातात धरलं नाही, पण मरेपर्यंत रविवार चुकवला नाही. लेक सुट्टीला आली की तो तिला अहवाल द्यायचा, अमका दम चोरतो, तमक्याचं बोट जड आहे.

आमच्या केंद्रावर सिस्टरांचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं नाव त्यांनीच ठेवलं, 'दुसरा ठोका'. स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका त्यांनी शोधून आणल्या. निवेदन वऱ्हाडीत करणार, हेही त्यांनीच ठरवलं. मी जरा चाचरत म्हणालो, "सिस्टर, थोडं प्रमाण मराठीत केलं तर?" त्या म्हणाल्या, "तिकडची बाई तिच्या घरच्या बोलीत बोलते. मी कायले पाहुण्यासारखी बोलू?" आणि माइकसमोर बसून सुरुवात केली ती अशी: "आज एक माणूस बाजा वाजवणार आहे. त्याचे गाल पाह्यले असते तं तुमी हसले असते. डोळे मिटून ऐका. गाल दिसणार नाही."

केंद्राचे अध्यक्ष भाऊसाहेब. मोठे कास्तकार, मनानं चांगले, पण कार्यक्रमांत त्यांचा जीव बाजारभाव आणि भजन यांच्यात विभागलेला. त्यांच्या कानावर तक्रारी गेल्या. स्वयंपाकघरात भांडी पडल्यासारखं काहीतरी रविवारी लागतं, असं कोणी म्हणालं. भाऊसाहेबांनी सिस्टरांना बोलावलं. मी तिथं होतो.

"सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे आपल्या लोकांचं नाही."

सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी फोनवर एक संथ लयीचं वाजवणं लावलं. "भाऊसाहेब, टाळी द्या बरं."

भाऊसाहेब भजनात वाढलेले. त्यांनी पहिल्या ठोक्यावर टाळी दिली. अगदी पक्की.

"बराबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "आता पहिला ठोका सोडून द्या. तो सगळ्यायचा आहे. दुसऱ्यावर द्या."

भाऊसाहेबांनी प्रयत्न केला. टाळी घसरून पहिल्यावर येई. पुन्हा. पुन्हा. ते हट्टाला पेटले. सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं, नाडी पाहावी तसं, आणि दुसऱ्या ठोक्याला हलकेच दाबलं. काही वेळानं टाळी जागेवर बसली, आणि भाऊसाहेबांचे खांदे आपोआप डुलायला लागले. ते त्यांच्या लक्षात आलं तसे थांबले. खाकरले.

"मजा आहे यात," ते म्हणाले. "पण रविवारची संध्याकाळ नाही देता येणार. तुम्हाला बुधवारी दुपारी दोनची वेळ देतो."

दुपारी दोन म्हणजे आमच्या केंद्राची मेलेली वेळ. तेव्हा आम्ही उरलंसुरलं लावत असू. मला वाईट वाटलं. सिस्टर मात्र बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता म्हणाल्या, "दुपारी माणसं मरते का? जागीच असते ना कुठं तरी."

त्या दर आठवड्याला येत, तेवढ्याच तयारीनं. काय आधी लावायचं, कशानंतर काय, यावर आदल्या दिवशी माझ्याशी फोनवर भांडत. महिन्यांमागून महिने गेले. एक पत्र नाही की फोन नाही. मी एकदा विचारलंच, "सिस्टर, कोणी ऐकत असेल का हो?"

"प्रसूतीच्या खोलीत मी उभं आयुष्य काढलं भाऊ," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या माणसाले वाटते आत काहीच होऊन नाही राह्यलं."

मग पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेलं, महिनाभर विश्रांती सांगितली. त्यांच्या जागी आम्ही दोन वाजता फवारणीवरचं एक व्याख्यान लावलं. पुढच्या आठवड्यातही तेच लावलं. त्या दुपारी भाऊसाहेब केंद्रावर आले होते आणि फोन त्यांनीच उचलला. मी शेजारी बसलो होतो. बाईचा आवाज इतका खणखणीत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"रेडिओवाले का?"

"हो, बोला."

"सिस्टरचा बाजा काहून बंद केला?"

"कोण बोलतंय?"

"दुर्पता बोलतो मी, नदीच्या तिकडून. आमी वावरात निंदाले येतो. आमच्या मोबाइलवर लागते तो. तुमी फवाऱ्याचं काय लावून राह्यले? फवारा तं गडी मारते, आमाले निंदा लागते."

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, त्यातलं तुम्हाला काय कळतं?"

रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं. पलीकडे थोडी कुजबुज झाली. बाया आपसात बोलत असाव्यात. मग दुर्पताबाई म्हणाल्या, "कळाचं काय त्यात? दुपारी हात चालत नाही. थो बाजा लागला का निंदाची पात लवकर सरते. अन् ते सिस्टर आमच्यासंग बोलते. दुसरं कोणी बोलते का रेडिओत? सगळे नुसते सांगतेत."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला. थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. "जुने भाग आहेत ना सिस्टरांचे? ते लावा," ते म्हणाले. "आणि त्या बऱ्या झाल्या की विचारा, रविवार पाहिजे का."

मी विचारलं. सिस्टर अंथरुणात उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. मी दुर्पताबाईंचं बोलणं शब्दाशब्दानं सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं.

"रविवार नोको," त्या म्हणाल्या. "रविवारी ह्या बाया कुठं असतेत निंदाले? दोनच राहू द्या."

बऱ्या झाल्या तशी त्यांनी पहिली मागणी केली ती त्या बायांना भेटायची. डॉक्टरनं उन्हात जाऊ नका म्हटलं होतं. त्यांनी छत्री घेतली, म्हणजे ऊन लागणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मी मोटारसायकलवर त्यांना अरुणावती नदीच्या पुलावरून पलीकडे नेलं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला गाडी लावून आम्ही चालत गेलो. कपाशी गुडघ्यापर्यंत आलेली. बाया ओळीनं बसून निंदत होत्या. मधल्या एका बाईजवळ स्टीलचा रिकामा डबा होता आणि डब्यात फोन उभा केलेला, म्हणजे आवाज घुमून मोठा होई. पुढे सरकताना ती डबाही पुढे सरकवत होती.

कार्यक्रम सुरू होता. आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला. डब्यातून सिस्टरांचा आवाज येत होता आणि सिस्टर माझ्या शेजारी छत्री धरून उभ्या होत्या. बायांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मी ओळख करून देणार, तेवढ्यात एक उंच, वाळलेली बाई उठली. त्याच दुर्पताबाई.

"तुमी व माय सिस्टर?"

"हो."

"मले वाटलं होतं तुमी जाड्या असान."

बाया हसल्या, सिस्टरही हसल्या. पाणी दिलं गेलं, बसायला पोतं टाकलं गेलं. सिस्टर त्यावर बसल्या नाहीत. छत्री मिटून माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि दुर्पताबाईंच्या शेजारी कपाशीच्या पातीला बसल्या. मी डॉक्टरांची आठवण दिली, तर ते बोट वर झालं. कोणीतरी खुरपं दिलं. त्यांचा हात सवयीचा होता, पण मंद. बाया आपला वेग कमी करून त्यांच्या बरोबरीनं सरकू लागल्या. तसं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर सिस्टर झोपेतच गेल्या. मी त्या वेळी गावाला होतो, अंत्यदर्शनाला पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते याच वावरातलं. त्यानंतर फोनवर बोललो, रेकॉर्डिंग माझ्या सहकाऱ्यानं घेतली, पण पाहिलं ते हेच.

मी धुऱ्यावर उभा होतो. डब्यातला सिस्टरांचा आवाज वाजवणाऱ्याची माहिती देत होता. तो कुठे जन्मला, आई कशी घरोघरी कपडे धुवायची, हे सगळं आता त्याच्या वाजवण्यात कसं ऐकू येईल. जरा लांबलंच होतं. ओळीतल्या सिस्टरांनी खुरपं थांबवलं, डब्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"किती बोलून राह्यली व हे बाई," त्या म्हणाल्या. "लाव ना आता."